ऑपरेटर, पुढे पाहा

टीव्हीच्या पडद्यावर खालच्या बाजूला एक पांढरी पट्टी आली. हे उपकरण या महिन्याच्या अखेरीनंतर चालणार नाही, असं तिच्यावर लिहिलं होतं. आई तिची वकीलबाईंची मालिका पाहत होती. वकीलबाई कुणाला तरी खडसावत होत्या आणि पट्टी नेमकी त्यांच्या हनुवटीवर आली होती. "काय म्हणतंय बघ गं ते, माझा चष्मा आत राहिलाय," आई म्हणाली. मी वाचून दाखवलं. आई म्हणाली, "चांगलं चाललंय की. न चालायला काय झालं त्याला?" मी म्हटलं, "झालं काही नाही. जुनं झालं, एवढंच." आईने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ती परत वकीलबाईंकडे वळली. हे वाक्य निदान या खोलीत तरी मी बोलायला नको होतं, असं मला वाटलं.

ते उपकरण म्हणजे एक काळी डबी, साबणाच्या वडीएवढी, टीव्हीच्या पाठीमागे लोंबकळणारी. पाच वर्षांपूर्वी बाबांनी ती आणली तेव्हा आई म्हणाली होती की आता हे घरातच थिएटर काढणार. बाबा एकतीस वर्षं थिएटरात ऑपरेटर होते. पडद्यावर चित्रपट दिसतो तो मागच्या भिंतीतल्या एका चौकोनी भोकातून येतो, आणि त्या भोकाच्या पलीकडे एक माणूस उभा असतो, हे माझ्या वर्गात फक्त मला माहीत होतं. त्या केबिनमध्ये दोन मशीन होती आणि दोन्ही चालू झाली की शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नसे. बाबांनी हजारो चित्रपट दाखवले, पण त्यांतला एकही धड ऐकला नव्हता. बघितले तेही तुकड्यांत. एक रीळ पडद्यावर चालू असताना आधीचं रीळ उलटं गुंडाळून ठेवावं लागे, पुढचं दुसऱ्या मशीनवर चढवावं लागे. कितीतरी गोष्टींचा शेवट त्यांना माहीत नव्हता. थिएटर बंद पडल्यावर ते एका दिव्यांच्या दुकानात बसायला लागले, तेही सुटलं, आणि मग त्यांनी ही डबी आणली. आयुष्यभर उभ्याने पाहिलेलं आता खुर्चीत बसून बघतो, म्हणाले. एक एक जुना चित्रपट शोधून काढायचे आणि रोज संध्याकाळी थोडा थोडा बघायचे. एका बैठकीत कधीच नाही. "रिळारिळाने बघायची सवय आहे," असं म्हणायचे.

डबी चालू केली की आधी ती विचारते, कोण बघतंय? बाबांनी त्यात तीन नावं घालून ठेवली होती. स्वतःचं ऑपरेटर, आईचं मालकीण, आणि तिसरं असिस्टंट. तिसरं माझं. लहानपणी शनिवारी दुपारी मी केबिनमध्ये त्यांच्याबरोबर उभी राहायची म्हणून मी असिस्टंट, आणि पुढे मी ग्रंथालयात नोकरीला लागले, चष्मा लागला, केस पांढरे व्हायला लागले तरी फोन उचलल्यावर ते "बोला असिस्टंट" असंच म्हणत. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होते. येईन तेव्हा बघेन म्हणून त्यांनी माझं नाव घालून ठेवलं, आणि मी त्यात एकदाही काही बघितलं नाही. ते नाव उघडलं तर अजून ते मला काय आवडतं असं विचारतं.

बाबा गेले त्याला सात महिने झाले. मी माझं बिऱ्हाड आवरून आईकडे राहायला आले. आल्यानंतर आठव्या की नवव्या दिवशी सकाळी, आई अंघोळीला गेली असताना, मी टीव्ही लावला आणि काही विचार न करता ऑपरेटरवर गेले. वर मोठ्या अक्षरांत आलं, ऑपरेटर, पुढे पाहा. त्याखाली एकच चित्र. एक जुना काळापांढरा चित्रपट, आणि चित्राच्या तळाशी एक लाल रेघ, दोन तृतीयांश भरलेली. एक तास बारा मिनिटं झाली, अडतीस मिनिटं बाकी. तेव्हापासून मी रोज कामावर जायच्या आधी ती रेघ बघत आले आहे. चित्रपट कधी लावला नाही. लावला तर रेघ पुढे सरकेल. रेघ जिथे थांबली होती तिथलं चित्र मात्र दिसायचं, एक बाई जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी, हात दाराच्या कडीवर, दार अजून उघडलेलं नाही. त्या बाईकडे मी इतकं बघितलं आहे की तिच्या बाहीवर किती बटणं आहेत ते मी सांगू शकते. बाबांनी इथेच का थांबवलं असेल? छातीत काही झालं असेल का? त्यांनी आईला हाक मारली असेल आणि मग नको म्हणून सोडून दिलं असेल का? दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास, दाढी अर्धी झालेली असताना, ते बेसिनपाशी कोसळले. म्हणजे कुठल्याही पडद्यावर त्यांनी शेवटचं जे पाहिलं ते हे. न उघडलेलं दार. मी पुस्तकांमध्ये वाढलेली बाई आहे, असल्या गोष्टींतून अर्थ काढू नये हे मला कळतं, तरी मी काढत राहिले.

नवी डबी दादाने पाठवली. पट्टी आल्याचं आईने त्याला फोनवर सांगितलं आणि चौथ्या दिवशी ती दारात हजर. दादा दुसऱ्या शहरात असतो आणि लांबून सोडवता येतील असे प्रश्न तो लगेच सोडवतो. "पाच मिनिटांचं काम आहे," तो म्हणाला. "जुनी काढ, नवी लाव, पासवर्ड घाल, झालं." मी विचारलं, बाबांचं जे आहे ते जाणार नाही ना? "बाबांचं काय आहे त्यात?" मी म्हटलं, त्यांचं बघून झालेलं, राहिलेलं. "ते डबीत नसतं गं, अकाउंटमध्ये असतं. कुठे जात नाही." मग जरा हळू आवाजात म्हणाला, "आणि गेलं तरी काय, बघणारं कोण आहे आता ते?" त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याला सगळं लवकर नीट झालेलं हवं असतं. बाबांचा फोन नंबरसुद्धा दुसऱ्याच महिन्यात बंद करायला त्यानेच सांगितलं होतं, आणि मी जाऊन, फॉर्म भरून, सही करून तो बंद करून आले होते.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी कामाला लागले. आई सोफ्यावर पाय वर घेऊन बसली. "लक्ष ठेवते," म्हणाली, "तुझ्यावर नाही, त्या डबीवर." मी टीव्हीमागे वाकून जुनी डबी ओढून काढली. ती कोमट होती. सात महिने मी तिच्याकडे रोज बघत होते, पण हातात कधी घेतली नव्हती. ती बाजूला ठेवून नवी लावली, आणि पडदा काळा झाल्यावर मला आठवलं की हे मी उलट केलं. केबिनमध्ये दोन मशीन असायची ती यासाठीच. पहिल्यावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका येतो, डोळ्याची पापणी लवेपर्यंत. तो आला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची. सात सेकंदांनी दुसरा ठिपका, आणि त्याच क्षणी पहिल्याचा उजेड झाकायचा, दुसऱ्याचा सोडायचा. खाली बसलेल्या सहाशे माणसांना काही कळता कामा नये. मी आठ वर्षांची असताना बाबांनी मला स्टुलावर उभं करून ठिपका बघायला शिकवलं. मी ठिपका म्हणून ओरडायची, मग मोठ्याने सात मोजायची, आणि ते माझ्या आकड्यांवर हात चालवत असल्याचं नाटक करायचे. नाटक होतं हे मला फार उशिरा कळलं. "दुसरं चालू झाल्याशिवाय पहिलं सोडायचं नाही, असिस्टंट. मध्ये अंधार पडला की लोक शिट्ट्या मारतात." घरातल्या डबीवर जुने चित्रपट बघताना त्यांची एकच तक्रार असे. हे लोक सगळं घासूनपुसून साफ करतात, ठिपकेसुद्धा पुसून टाकतात. आता कळणार कसं, कुठलं रीळ कुठे संपलं?

नवी डबी उजळली. तिला आधी भाषा हवी होती, मग घरातलं वायफाय, मग माझं वय. मग ती स्वतःलाच नवं करत बसली, वीस मिनिटं. आई म्हणाली, "आली तशी नवीच होती ना?" मग तिने ईमेल विचारला, तो मला माहीत होता. पासवर्ड विचारला, तो माहीत नव्हता. आईचा वाढदिवस घालून बघितला, लग्नाची तारीख घातली, थिएटरचं नाव घातलं. तीनदा चुकल्यावर ती म्हणाली, काळजी नको, तुमच्या फोनवर सहा आकडे पाठवले आहेत. नंबराचे शेवटचे दोन आकडे तिने दाखवले. ते बाबांच्या नंबराचे होते. मी जमिनीवर बसले होते ती तशीच बसून राहिले. कुठेतरी सहा आकडे निघाले असतील आणि जायला जागा नसेल. किंवा तो नंबर एव्हाना दुसऱ्या कुणाला मिळाला असेल आणि त्या माणसाने खिशातून फोन काढून बघितलं असेल, हे कुठलं बुवा, आणि परत ठेवला असेल.

मदतकेंद्राला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर एका मुलीचा आवाज आला, अगदी तरुण, सर्दी झालेला. तिने विचारलं, खातं आपल्या नावावर आहे का? मी म्हटलं, वडिलांच्या. "त्यांना दोन मिनिटं देता का फोन?" मी म्हटलं, ते नाहीत. "बाहेर गेलेत का? मग आले की..." मी म्हटलं, वारले. मग ती म्हणाली, "सॉरी हं, ताई." तिच्या स्क्रीनवर पुढे जे वाचायचं होतं ते ती वाचत नव्हती हे मला ऐकू येत होतं. "अशा केसमध्ये आम्ही खातं बंद करून देऊ शकतो. नवीन उघडायचं, ते सोपं आहे." मी म्हटलं, मला बंद करायचं नाही. "मग पासवर्डच शोधावा लागेल, ताई. लोक लिहून ठेवतात कुठेतरी. माझे आजोबा कॅलेंडरवर लिहितात." मी आभार मानले. तिला वाफ घ्यायला सांगितलं. फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "कुणाला वाफ घ्यायला सांगत होतीस? आणि पासवर्ड म्हणजे ते मशीनवरचं का? ते त्यांनी चिकटपट्टीवर लिहिलं असेल. सगळं चिकटपट्टीवर लिहायचे. पिठाच्या डब्यावरसुद्धा लिहिलं होतं, पीठ."

मी जुनी डबी उलटी केली. पोटावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा, कडा कात्रीने सरळ कापलेल्या, आणि त्यावर बाबांचे ते उभे, सुटे आकडे. कुठले आहेत ते मी लगेच ओळखलं. केबिनमधल्या दोन्ही मशीनच्या पितळी पट्ट्यांवर हे नंबर कोरलेले होते. एका नंबरापुढे दुसरा. मशीन भंगारात गेली त्याला चौदा वर्षं झाली. मी एक एक आकडा घातला आणि पडद्यावर तीन नावं आली. ऑपरेटर, मालकीण, असिस्टंट. आई म्हणाली, "आहेत सगळे." तिने हे इतक्या सहज म्हटलं की मला तिच्याकडे बघवलं नाही.

ऑपरेटरवर गेले. ऑपरेटर, पुढे पाहा. चित्र होतं, रेघ होती. मला एवढंच बघायचं होतं की एक तास बारा मिनिटं नीट आली आहेत का. जुन्या रिमोटचं मधलं बटण झिजलेलं होतं, पहिला दाब ते गिळून टाकायचं. त्यामुळे आमच्या घरात बटण दोनदा दाबतात. आई, मी, सुट्टीत आलेला दादा, सगळे. बाबा म्हणायचे, एकदा मशीनला सांगायचं आणि एकदा विचारायचं, ऐकलंस ना? माझ्या अंगठ्याने सात महिन्यांच्या सवयीने नवं बटण दोनदा दाबलं. नव्या डबीने दोन्ही वेळा ऐकलं. पहिल्या दाबाला चित्रपटाचं पान उघडलं, आणि त्या पानावर जे शब्द पुढे उभे होते त्यांच्यावर दुसरा दाब पडला. सुरुवातीपासून पाहा. वाद्यं वाजायला लागली, नावं वर सरकायला लागली. मी मागे जाण्याचं बटण शोधत होते, ते या रिमोटवर दुसरीकडे होतं. ते सापडून बाहेर येईपर्यंत अर्धं मिनिट गेलं असेल. चित्राखाली रेघ नव्हती. डाव्या टोकाला नुसता एक लाल कण होता.

मी जुनी डबी परत लावून बघितली. तिथेही तोच कण. दादा बरोबर सांगत होता, डबीत काही नसतं. परत नवी लावली. आई दोन-तीनदा काय झालं म्हणाली, मी काही नाही म्हटलं. आठ वर्षांच्या मुलीला जे कळत होतं ते मला कळू नये, आणि मध्ये अंधार पाडून मी स्वतःच्या हाताने ते पुसून टाकावं, असं काहीतरी डोक्यात फिरत होतं. रडू आलं नाही. बाबा गेले तेव्हाही दादासारखं मोकळं रडू मला आलं नव्हतं. मी लाल कण बोटाने धरल्यासारखा पुढे पुढे नेत गेले, चाळीस मिनिटं, साठ, एक तास दहा, एक तास बारा, आणि ती बाई आली. जिन्याची वरची पायरी, कडीवर हात. मी थांबवलं. तेच चित्र, तीच बटणं. पण हे मी थांबवलेलं होतं. त्याच्यात बाबा नव्हते.

"अगं, ही," आई म्हणाली. ती सोफ्यावरून पुढे वाकली होती. "ही बाई किती वेळ अशी उभी होती त्या दिवशी. मी कणीक मळत होते, आले तरी ही उभीच, पानं वाढली तरी उभीच. मी म्हटलं, अहो, तिला एकदा आत तरी जाऊ द्या. तर म्हणे, थांब, असिस्टंटचा फोन यायचाय."

मी विचारलं, कुठला फोन?

"तुझा. साडेसातला तू रोज करायचीस तो आला, म्हणून तर थांबवलं इथे. मग तू म्हणालीस नंतर करते. तर बसले वाट बघत. मी पुढे लावा म्हटलं, तर नाही म्हणाले, मध्येच उठावं लागेल." आई बोलता बोलता थांबली. माझ्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कुणास ठाऊक. "तसं काही नाही गं. दहा वाजता झोपले नेहमीसारखे. म्हणाले, कामात असेल."

मी कामात नव्हते. ग्रंथालयातून जुनी पुस्तकं बाद करायची यादी त्या दिवशी मी घरी आणली होती, ती समोर होती हे खरं, पण मी एक कादंबरी वाचत होते आणि तिचं प्रकरण रंगात आलं होतं. बाबा म्हणाले, "असिस्टंट, एक गंमत सापडलीये. तुला दाखवायचीये." मी म्हटलं, "बाबा, नंतर करते." ते म्हणाले, "कर, कर." प्रकरण संपलं, मग पुढचं संपलं, मग उशीर झाला. सात महिने मी ते दार बघत होते आणि त्याच्या पलीकडे काय असेल याचे तर्क करत होते, आणि पलीकडे मी होते, आरामखुर्चीत, पुस्तकात बोट घालून. छातीत दुखलं नव्हतं. त्यांनी हाक मारली नव्हती. माझा फोन आला म्हणून त्यांनी चित्रपट थांबवला होता, आणि माझा फोन आला नाही म्हणून तो थांबलेला राहिला.

"काय गंमत होती?" मी विचारलं. माझा आवाज मला त्या सर्दी झालेल्या मुलीसारखा वाटला.

"मला कुठे सांगितली," आई म्हणाली. "म्हणे, तुला नाही कळायची, ते असिस्टंटचं काम आहे. मी म्हटलं, राहू द्या तुमचं तुम्हाला." ती पदराने चष्मा पुसत बसली, मग तो डोळ्यांवर चढवून पडद्याकडे बघायला लागली. "लाव आता. सुरुवातीपासून लाव. मला मधलं काही आठवत नाही आणि शेवट तर त्यांनाही माहीत नव्हता."

मी सुरुवातीपासून लावला. एकदाच दाबलं. नावं गेली, एक गाव आलं, एक घोडागाडी, एक तरुण मुलगा टोपी हातात धरून कुणाच्या तरी दारात उभा. प्रत साफ केलेली नव्हती. उभे ओरखडे होते, कुठे कुठे उजेड लवत होता. आई मधूनमधून बोलत होती, हा तिचा भाऊ असणार, हा बदमाश दिसतोय, बूट बघ त्याचे. बाहेर ऊन उतरत होतं आणि खिडकीचा चौकोन हळूहळू पडद्यावरून बाजूला सरकत होता. मी कथेकडे लक्ष देत नव्हते. एक तास बारा मिनिटं यायला अजून किती वेळ आहे एवढंच मोजत होते, आणि ती आली की आईने मध्ये काही बोलू नये असं वाटत होतं. तो मुलगा आता एका रिकाम्या रस्त्याने चालत निघाला होता, पाठमोरा, आणि त्याच्या डोक्यावर नुसतं आभाळ होतं.

त्या आभाळात, उजव्या कोपऱ्यात, काहीतरी लवलं आणि गेलं.

आईला ते दिसलं नाही. ती म्हणत होती, हा आता परत यायचा नाही बघ. मी उठून उभी राहिले होते, स्टुलावर उभी असल्यासारखी, रिमोट छातीशी धरून. पुसलेला नव्हता. हजारो चित्रपटांतून हा एक त्यांना सापडला होता ज्यात कुणी ठिपके पुसले नव्हते.

"काय गं?" आई म्हणाली. "काय झालं?"

एक, मी म्हटलं, मोठ्याने. दोन. तीन. आई माझ्याकडे बघत होती. चार. पाच. मुलगा रस्त्याच्या टोकाशी पोहोचला होता. सहा.